२३ सप्टेंबर: दिनविशेषाच्या ओळीत न मावलेलं

दिनविशेषाच्या चौकटीत २३ सप्टेंबरसमोर साधारण अशा ओळी छापून येतात. १८०३: असईच्या लढाईत मराठ्यांचा पराभव. १९१८: भारतीय घोडदळाने हैफा जिंकले. १९६५: भारत-पाक युद्ध संपले. एकही ओळ सरळसरळ खोटी नाही, तरी प्रत्येक ओळ वाचून काहीतरी चुकीचंच डोक्यात बसतं. कोण कोणाच्या बाजूने लढलं, एवढी साधी गोष्टसुद्धा त्या ओळीत मावत नाही.

समज: असईला इंग्रज आणि मराठे समोरासमोर लढले

असई हे गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला मेजर जनरल आर्थर वेलस्ली. इथपर्यंत बरोबर. पण पेशवे कुठे होते? पेशवे वेलस्लीच्या बाजूला होते. यशवंतराव होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, तेव्हा दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून कंपनीच्या आश्रयाला गेला. पुढच्या वर्षी त्याला पुण्यात परत आणून बसवलं ते याच वेलस्लीने. असईच्या दिवशी पेशव्यांचं आणि म्हैसूरचं घोडदळ केळणेच्या दक्षिण काठावर शिंदे-भोसल्यांच्या स्वारांवर नजर ठेवून उभं होतं. होळकर तर या युद्धात उतरलेच नाहीत. ते उतरले १८०४ मध्ये, शिंदे-भोसल्यांचे तह होऊन गेल्यावर, एकटेच.

आता 'इंग्रज' फौज पाहा. गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी, आणि १९व्या ड्रगून्सचं गोरं घोडदळ. बाकी पायदळाच्या पाच पलटणी आणि घोडदळाच्या तीन रेजिमेंटी मद्रासच्या देशी शिपायांच्या. शिंद्यांच्या कवायती कंपूंतले शिपाई बहुतांश उत्तर हिंदुस्थानातले, सोबत बेगम समरूच्या पलटणी, आणि या सगळ्या पायदळाचा सेनापती अँथनी पोहलमन हा हनोव्हरचा जर्मन. त्या हनोव्हरचा अधिपती म्हणजे इंग्लंडचाच राजा तिसरा जॉर्ज. शाळेच्या पुस्तकातल्या नकाशावर दोन रंगांचे दोन बाण काढून हे कसं दाखवणार, ते पुस्तकवाल्यांनाच ठाऊक.

समज: शिस्तीच्या इंग्रजांनी बेशिस्त मराठ्यांना हरवलं

असईबद्दलचा सगळ्यात चिवट समज हाच, आणि गंमत म्हणजे तो खोडून काढणारा पहिला साक्षीदार खुद्द वेलस्ली.

वेलस्लीचा बेत २४ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला सोबत घेऊन हल्ला करण्याचा होता. शत्रू भोकरदनजवळ, बराच लांब आहे, अशी त्याला खबर होती. २३ला दुपारच्या सुमारास कळलं की शिंदे-भोसल्यांचा तळ अवघ्या काही मैलांवर, केळणेच्या पलीकडे पसरलेला आहे. थांबलो तर ते निसटतील किंवा चाल करून येतील, म्हणून स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढायचं ठरवलं. म्हणजे ही तारीखसुद्धा ठरवलेली नव्हती, चुकीच्या खबरीने पदरात पडलेली होती. समोरून नदी ओलांडणं अशक्य. वाटाड्यांनी जवळपास दुसरा उतारच नाही असं सांगितलं. पण पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसत होती. तेव्हा त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, पाणी उथळ असणारच, असा अंदाज बांधून त्याने फौज तिकडे वळवली. अंदाज खरा ठरला.

आता शत्रूची बगल उघडी सापडणार, अशी त्याची अपेक्षा. कवायत न शिकलेली फौज अशा वेळी गोंधळते. पोहलमनच्या पलटणी गोंधळल्या नाहीत. तोफांसकट सगळी रांग काटकोनात वळली आणि दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, डावं टोक असई गावाला टेकवून, वेलस्लीसमोर नव्याने उभी राहिली. तोफा लागलेल्या असताना अशी हालचाल करणं युरोपातल्या नावाजलेल्या पलटणींनाही जड जातं. हे पायदळ महादजी शिंद्यांनी बेन्वा द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून घडवून घेतलं होतं, तोफाही बव्हंशी शिंद्यांच्याच कारखान्यांतल्या. गोलंदाजांनी तर कमालच केली. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेली तेव्हा कित्येक जण मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि मग उठून त्याच तोफा मागे फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या.

उजवीकडे कर्नल ऑरॉकची तुकडी हुकूम चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली, तिच्या मागोमाग ७४वी पलटण. तिथे तिची जवळपास वाताहत झाली. घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवलं. नंतरच्या हल्ल्यात या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल स्वतः पडला. नदी ओलांडून प्रत्यक्ष लढलेल्या सुमारे साडेचार हजारांपैकी ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले. म्हणजे दर तिघांमागे एक. शंभराच्या आसपास तोफा हाती लागल्या, पण पाठलाग करायची ताकद उरली नव्हती. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारलं की वेलस्ली असईचंच नाव घेई. (दिनविशेषवाले त्याला १८०३ मध्येच 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' करून टाकतात. वेलिंग्टन ही पदवी त्याला १८०९ मध्ये मिळाली आणि ड्यूक तो १८१४ मध्ये झाला.)

मग शिंदे-भोसले हरले कसे? शिस्त कमी पडली म्हणून नाही. एक तर लढाई सुरू होण्याआधीच कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडून घेतलं होतं, त्यामुळे पलटणींचे अनुभवी हात गेले. दुसरं म्हणजे हजारोंचं घोडदळ बहुतेक वेळ बघ्याच्या भूमिकेत राहिलं. आणि तिसरं, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, दौलतराव आणि रघूजी दोघेही रणांगण लवकर सोडून गेले. पायदळ शेवटपर्यंत लढलं ते धन्याविना.

या दिवशी मराठेशाही संपली, असंही अनेकांना वाटतं. तसं असतं तर वेलस्लीला २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगावला पुन्हा लढावं लागलं नसतं आणि १५ डिसेंबरला गाविलगड चढावा लागला नसता. उत्तरेत जनरल लेकने असईच्या बारा दिवस आधीच दिल्लीची लढाई जिंकली होती, तरी शिंद्यांच्या उरलेल्या कंपूंशी लासवारीची कडवी लढाई १ नोव्हेंबरला झालीच. भोसल्यांचा देवगावचा तह १७ डिसेंबरचा, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा ३० डिसेंबरचा. पेशवाई बुडायला १८१८ उजाडावं लागलं. तिच्या शेवटच्या काळातला पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा असईला तरुण कारभारी म्हणून वेलस्लीच्या दिमतीला होता.

असईचा एक धागा आजच्या लष्करातही आहे. मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरचा हत्ती हा असईचा हत्ती. स्वातंत्र्यानंतर देशबांधवांविरुद्धच्या लढायांचे सन्मान साजरे करायचे नाहीत, असं भारतीय लष्कराने ठरवलं. हत्ती मात्र राहिला, आणि तो राहावा असंच मला वाटतं. त्या दिवशी मद्रासी शिपायाने गाजवलेला पराक्रम खराच होता.

समज: हैफाचा हल्ला हा जगातला शेवटचा घोडदळाचा हल्ला

समाजमाध्यमांवर दरवर्षी हे फिरतं, सोबत 'तोफांविरुद्ध फक्त भाले-तलवारी' आणि 'तीन संस्थानांच्या स्वारांचा विजय'. तिन्ही गोष्टी दुरुस्त करायला हव्यात.

पहिल्या महायुद्धात जनरल ॲलनबीच्या पॅलेस्टाइन मोहिमेत २२ सप्टेंबर १९१८ रोजी शत्रूने हैफा शहर रिकामं केल्याची खबर आली. चिलखती मोटारी ते ताब्यात घ्यायला गेल्या आणि गोळीबार खाऊन परतल्या. दुसऱ्या दिवशी १५व्या इम्पीरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडला पाठवलं. एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदीचा दलदलीचा काठ, मधून वाट. म्हैसूर लान्सर्सची तुकडी डोंगर चढून वरच्या तोफांवर गेली, तिच्या मदतीला इंग्रज घोडदळाची तुकडीही होती. हल्ल्याला ब्रिगेडच्या तोफखान्याची आणि मशीनगनची साथ होती. मग जोधपूर लान्सर्सनी दौड मारली. नदीकाठी घोडे रुतू लागले तेव्हा ते डावीकडे डोंगराच्या पायथ्याला वळले आणि मशीनगनवर तुटून पडले. मेजर दलपतसिंह शेखावत यात कामी आले. साडेतेराशे कैदी आणि १७ तोफा हाती आल्या. ब्रिगेडचे ८ ठार, ३४ जखमी. आधुनिक शस्त्रांसमोर एवढी कमी हानी होण्याचं श्रेय धाडसाइतकंच त्या आखणीला आहे. फक्त भाल्यांची कहाणी सांगितली की आखणी करणाऱ्यांवर अन्याय होतो.

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या मूर्ती या जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या स्वारांच्या. २०१८ पासून त्या चौकाच्या नावात हैफाही आहे. पण स्मारक संपूर्ण मोहिमेचं आहे. २३ सप्टेंबरच्या त्या हल्ल्यात हैदराबाद लान्सर्स नव्हते.

आणि 'शेवटचा' तर अजिबात नाही. अवघ्या दोन दिवसांनी, २५ सप्टेंबरला, त्याच मोहिमेत ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांनी सेमाखला तलवारी उपसून हल्ला केला. १९४२ च्या मार्चमध्ये बर्मात तौंगूजवळ कॅप्टन सँडमनच्या शीख स्वारांनी जपानी मशीनगनवर झडप घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉन नदीकाठी इटलीच्या सावोया घोडदळाने रशियन पायदळावर दौड केली.

२३ सप्टेंबर हा आपल्या ६१ कॅव्हलरीचा हैफा दिन. स्वातंत्र्यानंतर संस्थानी घोडदळांतून उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमध्ये जोधपूर आणि म्हैसूरच्या वारशाबरोबर ग्वाल्हेर लान्सर्सचा, म्हणजे शिंद्यांच्या घोडदळाचाही वारसा मिसळलेला आहे.

समज: १९६५ चं युद्ध २३ सप्टेंबरला संपलं

काही पुस्तकांत २२ सप्टेंबर दिसतो, काहींत २३, आणि वाचकाला वाटतं छापताना चूक झाली. चूक कोणाचीच नाही. सुरक्षा परिषदेच्या २० सप्टेंबरच्या ठरावाने २२ तारखेची सकाळी ७ ची ग्रिनिच वेळ दिली होती. ती १५ तासांनी पुढे गेली, म्हणजे ग्रिनिचमध्ये २२ची रात्र १० ची. आपल्याकडे तेव्हा २३ तारखेचे पहाटेचे साडेतीन वाजले होते.

हा युद्धविराम होता. युद्धाचा शेवट नव्हे. दोन्ही सैन्यं जिथल्या तिथे, एकमेकांच्या मुलखात, समोरासमोर उभी राहिली आणि चकमकी चालूच राहिल्या. युद्धविरामाच्या आठवडाभर आधीच, १६ सप्टेंबरला, सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पडले होते. मुंबईत जन्मलेल्या तारापोरांची आधीची नोकरी हैदराबाद लान्सर्समध्ये झाली होती. दारूगोळा संपत आला होता म्हणून भारताला थांबावं लागलं, हा समजही त्या वेळच्या लष्करप्रमुखांच्या अंदाजावरून पसरला. आघाडीवरच्या दारूगोळ्यापैकी फक्त १४ टक्के वापरला गेला होता, अशी नोंद संरक्षण मंत्रालयाने लिहवून घेतलेल्या इतिहासात आहे. ताश्कंदचा करार १० जानेवारी १९६६ चा, आणि दोन्ही सैन्यं ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायला २५ फेब्रुवारी उजाडला.