एकच ट्यूब, तऱ्हेतऱ्हेचे चेहरे

मुरमांची ट्यूब मागायला आलेलं गिऱ्हाईक मला लांबूनच ओळखू येतं. काउंटरवर गर्दी असेपर्यंत ते कडेला मोबाइल चाळत उभं राहतं. लोक पांगले की मोबाइलवरचा फोटो पुढे करतं आणि हळू आवाजात विचारतं, "मॅडम, हे आहे का?" फोटोत बहुतेक वेळा अ‍ॅडॅपलीन असतं, नाहीतर ट्रेटिनॉइन. वाशीममध्ये आमचं मेडिकल आहे आणि फार्मसीचं शिक्षण संपल्यापासून मी तिथेच बसते. तापाच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांबद्दल लोकांची मतं साधारण सारखी असतात. या दोन नावांबद्दल मात्र एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. एक आई येऊन सांगते, "मोठीचा चेहरा एकदम साफ झाला, आता धाकटीसाठी द्या." त्याच आठवड्यात कॉलेजातली एखादी मुलगी अर्धी वापरलेली ट्यूब काउंटरवर ठेवते, "मॅडम, तोंड सोलून निघालं, हे वापस घ्या." आणखी कोणी म्हणतो, "मले त काहीच फरक नाही पडला."

तिघंही खरंच बोलत असतात. ट्यूब तीच, टक्केवारीही तीच. किती लावली, कशी लावली, किती दिवस धीर धरला आणि मुळात चेहऱ्यावर होतं काय, यावर सगळं ठरतं. दुकानात दोन मिनिटांत एवढं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ट्यूबमध्ये असतं काय?

बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतात, असं त्वचारोगाची पुस्तकं सांगतात. या वयात त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रातल्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्र बुजतं. आत तेल साचतं, तिथे एरवीही राहणारे जिवाणू वाढतात आणि सूज येते. बुजलेल्या छिद्राचं तोंड उघडं असेल तर ब्लॅकहेड, बंद असेल तर व्हाइटहेड, सूज आली तर लाल फोड, पू धरला तर पुटकुळी. हे सगळं आतून होतं. म्हणून दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुऊनही मुरूम जात नाहीत, उलट कातडी कोरडी पडते.

अ‍ॅडॅपलीन आणि ट्रेटिनॉइन ही दोन्ही रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली औषधं. ती पेशींचं हे चिकटणं कमी करतात, बुजलेली छिद्रं मोकळी करतात, नवी बुजू देत नाहीत आणि सूजही थोडी उतरवतात. थोडक्यात, दिसणाऱ्या फोडापेक्षा उद्या येऊ घातलेल्या फोडावर त्यांचं काम जास्त चालतं. म्हणूनच त्या एका फोडावर ठिपका देऊन भागत नाही. मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ थर लावावा लागतो.

मुरमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी जेम्स फुल्टन व गेर्ड प्लेविग यांनी १९६९मध्ये मांडला. १९७१मध्ये तिकडे त्याला परवानगी मिळाली. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले होते. त्याबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली आणि १९७४मध्ये ते प्रयोग थांबले. ट्रेटिनॉइन गुणाचं ठरलं, पण कातडीला तिखटच होतं. त्याहून सौम्य असं अ‍ॅडॅपलीन अमेरिकेत १९९६मध्ये आलं. १९९८मध्ये पाच चाचण्यांमधल्या ९०० रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा अ‍ॅडॅपलीन ०.१ टक्का आणि ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्का यांचा गुण सारखाच निघाला. आग आणि लाली मात्र अ‍ॅडॅपलीनने कमी झाली. २०१६पासून अमेरिकेत ०.१ टक्क्याचं अ‍ॅडॅपलीन चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असतात. मोबाइलवरचा फोटो म्हणजे चिठ्ठी नव्हे, हे मला रोज कोणाला ना कोणाला सांगावं लागतं.

पहिला महिना भांडणाचा

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्याला पापुद्रे सुटलेले असतात, गाल तांबूस दिसतात, पाणी लागलं तरी चुरचुरतं. "फोड त अजून वाढून रायले," हे वाक्य तर ठरलेलं. आत आधीच तयार झालेले बारीक मुरूम या काळात लवकर वर येतात, त्यामुळे काही जणांचा चेहरा सुरुवातीला खरोखरच बिघडल्यासारखा दिसतो. इथे अर्धे लोक ट्यूब सोडून देतात. जे टिकतात त्यांना फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. लग्न पंधरा दिवसांवर आलेल्या मुलीने आज हे औषध सुरू केलं तर फोटोत सोललेला चेहराच येईल.

सोलवटण्याचं कारण बहुतेक वेळा बोटावरच दिसतं. दुकानात मी विचारते, "किती लावतेस, दाखव." मुलगी तर्जनीचं अख्खं पेर दाखवते. काही मुलं टूथपेस्टसारखी पट्टी काढतात. लागतं किती, तर संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या एका दाण्याएवढं. त्याचे कपाळावर, दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर बारीक ठिपके द्यायचे आणि हलक्या हाताने पसरवायचे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. खेड्यावरून येणाऱ्या मुलांना मी फवारणीची आठवण देते: डोस दुप्पट केला म्हणून तण दुप्पट मरत नाही, सोयाबीन मात्र पिवळं पडतं. हे त्यांना लगेच पटतं.

वेळ रात्रीचीच. ट्रेटिनॉइन उजेडात खराब होतं, त्यामुळे सकाळी लावण्यात अर्थ नाही. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं आणि कातडी पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचं. ओल्या कातडीवर लावलं की आग वाढते. सुरुवातीला एक रात्र आड किंवा दोन रात्री आड, सोसलं की रोज. कातडी नाजूक असेल तर आधी साधं मॉइश्चरायझर आणि त्यावर औषध. "तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कायले?" असं मुलं विचारतात. औषधाने कोरडेपणा येतो आणि तो सोसला नाही की औषधच सुटतं, म्हणून.

सोबत काय लावता, हेही विचारावं लागतं. लिंबू, टूथपेस्ट, अक्रोडाचा स्क्रब, पार्लरमधलं ब्लीच आणि वॅक्स, यातलं काहीही रेटिनॉइडच्या जोडीला चेहऱ्यावर नको. बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवरचं दुसरं चांगलं औषध, पण ट्रेटिनॉइनच्या बरोबरच लावलं तर ते त्याचा परिणाम घालवू शकतं. अ‍ॅडॅपलीनबरोबर त्याचं जमतं, दोन्ही एकत्र असलेलं जेलही मिळतं. शिवाय आपल्याकडे केसांना चोपून तेल लावायची सवय असते. ते कपाळावर ओघळतं आणि केसांच्या रेषेला बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तिथे ट्यूबच्या आधी तेल कमी करून बघावं.

उन्हाचा खर्च

वाशीमचा मे महिना कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको, पारा सहज बेचाळीसच्या पुढे जातो. रेटिनॉइड लावलेली कातडी उन्हाला लवकर चिडते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं मैदानावर ऊन चढेपर्यंत पळतात, घामाने चेहरा चुरचुरतो आणि दोष ट्यूबला जातो. सावळ्या कातडीचा आणखी एक स्वभाव आहे. तिला जिथे जिथे सूज किंवा जळजळ होते, तिथे मागे काळा डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. म्हणजे मुरमाचा डाग घालवायला लावलेलं औषध जास्त झालं आणि कातडी भाजली, तर नवा डाग पदरात पडतो. त्यामुळे दिवसा सनस्क्रीन हवंच.

इथे लोकांची अडचण खरी आहे. बरं सनस्क्रीन औषधाच्या ट्यूबइतकंच, कधी त्याहून महाग पडतं. शेतात निंदणाला जाणाऱ्या बाईला दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लाव, असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिला मी सांगते, तोंडाला सुती स्कार्फ घट्ट बांधा, रुंद काठाची टोपी घाला आणि उन्हाळाभर औषध एक रात्र आड लावावं का, ते डॉक्टरांना विचारा.

गुन्हेगार दुसराच

काही चेहरे पाहून मात्र मी ट्यूब देतच नाही. लग्न ठरलेली एक मुलगी आली होती. गाल लालभडक, जवळून पाहिलं तर बारीक तांबड्या शिरा, कानशिलांच्या पुढे नवी लव आणि सगळीकडे एकसारख्या बारीक पुळ्या. मामीने सांगितलेलं 'गोरं व्हायचं क्रीम' ती कित्येक महिने लावत होती. दोन दिवस नाही लावलं की चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायची. तिने खोका दाखवला. त्यावर तीन औषधं लिहिली होती: स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन.

तीन औषधांच्या या मिश्रणाची मूळ कल्पनाही क्लिगमन यांचीच, १९७५ची. चेहऱ्यावरच्या वांगावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोडे आठवडे वापरायचं हे औषध. आपल्याकडे ते शेजारणीच्या सल्ल्याने रोजचं क्रीम होऊन बसलं. त्यातल्या स्टिरॉइडने पहिले काही दिवस चेहरा उजळतो, मुरूमही बसल्यासारखे वाटतात. पुढे कातडी पातळ होते, लव वाढते, मुरूम दुप्पट उठतात आणि क्रीम सोडवत नाही. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा झालं. तरीही ती लोकांच्या हातात पोचतात, हे मी इथे बसून पाहते. ती मुलगी मला म्हणाली, "व्हिटॅमिन ए मले सूट नाही होत." तिचा चेहरा स्टिरॉइडने बिघडला होता, नाव मात्र ट्रेटिनॉइनचं खराब झालं. असं क्रीम एकदम तोडलं तरी चेहरा पेटतो, म्हणून तिला थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

खरोखर न चालणारे

सगळं नीट करूनही काहींना हे औषध सोसत नाही. सूज आली, पाणी सुटलं, आग रात्रभर थांबली नाही, तर ट्यूब बंद करून डॉक्टरांना चेहरा दाखवावा. इसब असलेल्या किंवा फार कोरड्या कातडीला हे औषध जड जातं. गाठीसारखे खोल, दुखरे मुरूम नुसत्या ट्यूबने बसत नाहीत आणि ते मागे खड्डे ठेवतात, तिथे उशीर परवडत नाही. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या रेषेवर मुरूम असं एकत्र दिसलं, तर कारण हार्मोन्समध्ये असू शकतं आणि उपचार तिथून सुरू होतो.

लग्न झालेल्या बायकांना मी एक प्रश्न विचारल्याशिवाय ट्यूब देत नाही: दिवस गेलेत का, किंवा तसा विचार आहे का? याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळीने गर्भात गंभीर व्यंगं येतात. मलमातून औषध अंगात फारच कमी जातं, तरी गरोदरपणात ते टाळायचं, असाच वैद्यकीय सल्ला आहे. सासू शेजारी उभी असेल तर हा प्रश्न मी चिठ्ठीच्या मागे लिहून पुढे सरकवते.

आणखी एक तक्रार नेहमीची, "बंद केली अन् परत आले." येणारच. मुरमांचा कल वयाबरोबर कमी होतो, तोवर चेहरा साफ झाल्यावरही आठवड्यातून काही रात्री औषध चालू ठेवावं लागतं. किती दिवस, ते डॉक्टर ठरवतात.

त्वचेच्या डॉक्टरांसाठी आमच्या जिल्ह्यातले लोक वर्षानुवर्षं अकोल्याची गाडी पकडत आले. रिसोड किंवा मानोऱ्याच्या माणसाची मजुरी त्यात बुडते, म्हणून तो आधी मेडिकलवाल्याला विचारतो. २०२४मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा ही पायपीट कमी व्हावी अशी आशा आहे. जिल्हा रुग्णालयात त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, हे केसपेपरच्या खिडकीवर विचारून मगच निघा.

माझं मत विचाराल तर रेटिनॉइड हे मुरमांवरचं भरवशाचं औषध आहे, पण घाईच्या माणसाचं नाही. थोडं लावा, रात्री लावा, सावकाश वाढवा आणि निदान बारा आठवडे धरून ठेवा. आरशात रोज फोड मोजू नका, महिन्यातून एकदा त्याच खिडकीशी फोटो काढून ताडून बघा. आधी चेहऱ्याला जे जे लावलं असेल ते खोक्यासकट डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. बहिणीचा चेहरा ज्या ट्यूबने साफ झाला तीच तुमच्यासाठी योग्य असेल असं नाही. म्हणून दुकानात याल तेव्हा चिठ्ठी तुमच्या स्वतःच्या नावाची असू द्या.