हात द्यावा, ओढू नये

माझी अम्मी पंच्याहत्तरीची असताना अंगणात पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर बसलं, निघालं, आम्ही विषय संपवला. चालता-चालता नुसतं पडून म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं, तर ती हाडं ठिसूळ झाल्याची खूण असू शकते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षांनी पाण्याची बादली उचलायला ती वाकली आणि पाठीचा मणका दबला. मग डेक्सा तपासणी झाली. तिच्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला, की ऑस्टिओपोरोसिस समजतात. अम्मीचा त्याच्याही खाली होता.

हाड जिवंत असतं. जुना भाग झिजतो, नवा भरून येतो. वय वाढलं, बायकांची पाळी थांबली, की झीज जास्त आणि भर कमी होते. हाड आतून विरळ होत जातं. दुखत काहीच नाही, मोडतं तेव्हाच कळतं.

मी काय केलं? अम्मीला पलंगावरून पाऊल खाली टाकू दिलं नाही. वाटलं, हीच सेवा. घरी येणाऱ्या सिस्टरनी मला थांबवलं. "दादा, कळ ओसरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आता आजींना उठवायचं. पडून राहिलं की हाडं आणखी झिजतात, पायांतली ताकदही जाते."

मग त्यांनी उठवायची रीत शिकवली. काखेत हात घालून ओढायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे. पाठ न पिळता खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हायचं. पाय पलंगाखाली सोडत हाताच्या जोरावर बसायचं. चक्कर येत नाही ना, हे पाहून मगच उभं राहायचं. आपण शेजारी राहून आधार द्यायचा.

अम्मीला आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी होती. ती चहाबरोबर घेऊन पुन्हा आडवी व्हायची! सिस्टरनी समजावलं, की ही गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. नाहीतर ती अन्ननलिकेला इजा करते.

घरातली घसरणारी सतरंजी उचलली. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवला. न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवली. सैल चपला बदलल्या. ताटात दूध, दही, तीळ आणि नाचणीची भाकरी आली.

एकच अडचण उरली. मणका दबलेल्या माणसानं पुढे खोल वाकू नये आणि अम्मीचा सजद्याचा हट्ट. आजारी माणसाला बसून नमाज पढायची मुभा आहे, हे तिला ठाऊक होतं, पण मन मानत नव्हतं. सिस्टरनी खुर्ची आणून ठेवली. "आजी, पाठ ताठ ठेवा, मान झुकेल तेवढीच झुकवा." तेव्हापासून अम्मी खुर्चीवर नमाज पढते. काठी घेऊन दारापर्यंत जाते, शेजारणीशी बोलून येते.

तुमच्या घरात पन्नाशीनंतर कुणाचं मनगट असं मोडलं असेल, तर प्लास्टर निघालं म्हणून थांबू नका. हाडांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आम्ही दोन वर्षं उशीर केला.