हंपबॅक व्हेल समोर दिसत असतानाही बोट १०० मीटरवरच का थांबवतात?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तुमचं कुणी नातेवाईक असेल आणि तुम्ही जुलै ते ऑक्टोबर या काळात तिकडे गेलात, तर 'व्हेल बघायला हर्वी बेला जाऊया का?' असा प्रश्न हमखास येईल. ब्रिस्बेनहून गाडीने साधारण साडेतीन तासांवर असलेल्या या उपसागरात १९८७ पासून व्हेल दाखवणाऱ्या बोटी चालतात.

तिथे गेल्यावर मात्र एक गोष्ट खटकते. चाळीस टनांपर्यंत वजन भरणारा देवमासा समोर पाण्याबाहेर झेप घेत असतो आणि कॅप्टन बोट लांबच थांबवतो. एवढे पैसे भरून आलोय, मग अजून जवळ का नेत नाहीत?

व्हेल हर्वी बेमध्ये कशासाठी येतात?

हे हंपबॅक व्हेल उन्हाळ्यात अंटार्क्टिकाजवळच्या थंड समुद्रात क्रिल नावाचे कोळंबीसारखे छोटे जीव खातात. हिवाळ्यात ते पिल्लांना जन्म देण्यासाठी उत्तरेच्या उबदार पाण्याकडे निघतात. हा एका बाजूचा प्रवास सुमारे ५ हजार किलोमीटरचा असतो. परतीच्या वाटेवर अनेक माद्या पिल्लांसह हर्वी बेमध्ये थांबतात. क्गारी बेटामुळे (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) खुल्या समुद्राच्या लाटा इथे अडतात आणि पाणी शांत राहतं.

या काही महिन्यांत आई जवळपास उपाशी असते. अंगात साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि त्यातूनच पिल्लासाठी दूधही तयार करते. पुढे अंटार्क्टिकाच्या थंडीत तग धरायचा, तर पिल्लाच्या अंगावर आत्ताच चरबी चढायला हवी.

बोट जवळ गेली तर काय बिघडतं?

बोट अंगावर आली की पिल्लाचं दूध पिणं थांबतं आणि आईला वेग वाढवावा लागतो. त्यात तिची चरबी खर्च होते आणि ती भरून काढायला इथे खाणं नसतं. एका बोटीने फार फरक पडणार नाही, पण रोज अनेक बोटी असंच करू लागल्या तर पडतो.

दुसरा मुद्दा आवाजाचा. आई आणि पिल्लू एकमेकांशी अगदी हळू आवाजात बोलतात, असं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथ आखातातल्या अभ्यासात दिसलं आहे. शिकारी ऑर्कांना चाहूल लागू नये, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. इंजिनाच्या घरघरीत ही कुजबुज बुडून जाऊ शकते.

म्हणून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हेलपासून ३०० मीटरच्या आत बोटीचा वेग अगदी कमी ठेवायचा आणि १०० मीटरच्या पुढे जायचं नाही. पिल्लू असेल तर ३०० मीटरवरच थांबायचं. ड्रोनही १०० मीटरच्या आत नेता येत नाही.

गंमत म्हणजे हा नियम बोटीला आहे, व्हेलला नाही! व्हेल स्वतःहून जवळ आला तर इंजिन न्यूट्रलवर टाकून शांत बसायचं. सगळ्यात जवळून दर्शन अनेकदा असंच घडतं.

बोटीवरून काय बघायचं?

आधी दिसतो तो श्वासाचा फवारा. मग शरीराच्या जवळपास एक तृतीयांश लांबीचे पंखासारखे पर. आणि खोल बुडी मारताना वर येणारी शेपटी. फोटो काढायचाच असेल, तर या शेपटीच्या खालच्या बाजूचा काढा. तिथली काळी-पांढरी नक्षी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येक व्हेलची वेगळी असते. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर पर्यटकांनी टाकलेले असे फोटो जुळवून कोणता व्हेल कुठून कुठे गेला, हे कळतं.

एवढे व्हेल तिथे कायमच होते का?

नाही. ब्रिस्बेनजवळच्या टँगलूमा इथल्या केंद्राने १९५२ ते १९६२ या काळात ६ हजारांहून अधिक हंपबॅक मारले. शेवटी मारायला व्हेलच उरले नाहीत आणि केंद्र बंद पडलं. आज त्याच जागी पर्यटकांसाठी रिसॉर्ट आहे. शिकार थांबल्यावर संख्या इतकी वाढली की २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हंपबॅकला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढलं.

मग आपल्या समुद्राचं काय?

अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. ते अंटार्क्टिकाला जात नाहीत, वर्षभर याच भागात राहतात. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७० हजार वर्षांपासून इतर हंपबॅकपासून वेगळे पडले आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी त्यातले २४२ बेकायदा मारले. ओमानजवळ आता शंभरहून कमी उरले असावेत, असा अंदाज आहे.

त्यातलीच एक मादी म्हणजे 'लुबान'. शेपटीवर झाडासारखी नक्षी असल्याने तिला धुपाच्या झाडाचं अरबी नाव मिळालं. २०१७ मध्ये ओमानजवळ तिला उपग्रह टॅग लावला आणि ती थेट अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याजवळ आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत फिरली.

या व्हेलना मोठा धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा. महाराष्ट्रात २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आपल्याकडे हंपबॅक दाखवणाऱ्या सहली नाहीत, पण डॉल्फिन दाखवणाऱ्या आहेत. पुढच्या वेळी तारकर्ली किंवा गोव्यात बोटवाल्याला 'अजून जवळ घ्या' म्हणण्याआधी हर्वी बेचे ते १०० मीटर आठवा.