कित्तूरचे दत्तकप्रकरण

दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा करण्याचे धोरण म्हटले की आपणांस लॉर्ड डलहौसी आठवतो. परंतु डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला तो १८४८ साली. त्यापूर्वी चोवीस वर्षे हाच प्रश्न बेळगाव-धारवाड मार्गावरील कित्तूर येथे उपस्थित झाला होता.

कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र यांनी १८१८ च्या युद्धात पेशव्यांविरुद्ध इंग्रजांस साह्य केले. म्हणून त्यांचे संस्थान कायम राहिले. सप्टेंबर १८२४ मध्ये ते निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी शिवलिंगप्पा या मुलास दत्तक घेतले, असे दरबाराने कळविले. धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांस मात्र पत्रावरील सहीचाच संशय आला. त्यांनी दत्तक मानला नाही आणि खजिन्यावर मोहोर व पहारा बसविला. सहीचा वाद हे निमित्त झाले. वारस ठरविण्याचा अधिकार घराण्याचा की कंपनी सरकारचा, हे खरे भांडण होते.

कारभाराची सूत्रे शिवलिंगरुद्रांच्या सावत्र मातोश्री राणी चन्नम्मा यांच्या हाती होती. त्यांनी विनंत्या करून पाहिल्या. त्या व्यर्थ गेल्या. २३ ऑक्टोबर रोजी किल्ल्याचे दरवाजे बंद झाले. ते उघडविण्यासाठी थॅकरे तोफा घेऊन आले, तोच आतील सैन्य त्यांच्यावर तुटून पडले. थॅकरे ठार झाले. इलियट व स्टीव्हन्सन हे त्यांचे साहाय्यक कैद झाले. समेटाच्या आशेने राणीने पुढे दोघांस सुखरूप सोडले. यांपैकी वॉल्टर इलियट यांनी पुढे याच मुलखातील शिलालेख गोळा करून कीर्ती मिळविली.

समेट झाला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किल्ला पडला. राणीस बैलहोंगल येथे कैदेत ठेवण्यात आले; तेथेच फेब्रुवारी १८२९ मध्ये त्यांचे निधन झाले. दत्तकाचा पक्ष घेऊन लढणारा संगोळ्ळी रायण्णा १८३१ साली नंदगड येथे फासावर गेला.

पुढचा क्रम परिचित आहे. १८३९ मध्ये निपाणीची जहागीर वारसाअभावी सरकारजमा झाली. १८४८ मध्ये सातारा व १८५४ मध्ये झाशी याच वाटेने गेली. सत्तावन्नच्या उठावानंतर मात्र सरकारचे धोरण पालटले. १८६२ साली उरलेल्या संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. कित्तूरच्या राणीने जो हक्क मागितला होता, तोच त्यांस लेखी मिळाला. पण तोवर कित्तूरचे राज्य बुडून अडतीस वर्षे लोटली होती.