घरचा स्टुडिओ (भाग ६) : वायरीतून ठोका जातो, आवाज नाही

मागच्या भागात आपण ऑडिओ इंटरफेसची ओळख करून घेतली. माइक किंवा गिटारमधून आलेली विजेची लहर आकड्यांत बदलून संगणकाच्या हवाली करणारी ती डबी. या भागात इलेक्ट्रॉनिक ड्रम किट. वरवर पाहता हे काम सगळ्यांत सोपं वाटतं. किटच्या मॉड्यूलला मागे यूएसबीचं चौकोनी भोक असतं. वायर खोचायची, सॉफ्टवेअर उघडायचं, लाल बटण दाबायचं. तरीही पहिल्याच दिवशी हमखास येणारी अडचण ठरलेली आहे. वाजवताना ट्रॅकवर बारीक रेघा उमटत जातात, पण परत ऐकायला जावं तर शुकशुकाट. मग वायर बदलली जाते, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला जातो, किटच सदोष असल्याचा संशय येतो. खरं तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. अनेक किटच्या यूएसबी वायरीतून आवाज जातच नाही, फक्त ठोक्यांची नोंद जाते. ही किटची उणीव आहे असं समजून लोक तिच्यावर उपाय शोधत बसतात. माझं म्हणणं उलट आहे : घरच्या रेकॉर्डिंगसाठी ही नोंदच अस्सल प्रत मानावी आणि आवाजाला तिची एक नक्कल मानावं.

हे पटायला एकच ठोका जवळून पाहू. स्नेअरच्या जाळीदार पॅडवर स्टिक आदळते. जाळीखाली फोमचा छोटा शंकू आणि त्याच्या बुडाशी नाण्यासारखी एक चकती असते, तिला पिएझो म्हणतात. दाब पडला की ही चकती किंचित वीज तयार करते. मॉड्यूल त्या विजेवर सतत नजर ठेवून असतं. विजेने ठरावीक उंबरठा ओलांडला की ते क्षणभर, म्हणजे एक-दोन मिलिसेकंद, थांबतं. लहर किती उंच चढली ते बघतं आणि त्या उंचीला १ ते १२७ मधला एक आकडा देतं. मग संगणकाकडे तीन आकडे रवाना होतात, समजा १५३, ३८, १०४. पहिल्याचा अर्थ, दहाव्या चॅनेलवर ठोका पडला. दुसऱ्याचा अर्थ, तो स्नेअरवर पडला. ३६ असता तर किक, ४२ असता तर बंद हाय-हॅट. तिसरा आकडा जोराचा, त्याला वेलॉसिटी म्हणतात. निरोप एवढाच. स्नेअर पितळेची की लाकडाची, खोली घुमणारी की कोरडी, यातलं काहीही त्यात नसतं. ते सगळं नंतर भरायचं असतं आणि कोणी भरलं नाही तर ट्रॅक मुका राहतो. पहिल्या दिवशीच्या शुकशुकाटाचं कारण हे. ट्रॅकवर एखादं ड्रमचं सॉफ्टवेअर वाद्य बसवलं की त्याच रेघा वाजू लागतात.

या तीन आकड्यांच्या भाषेला मिडी म्हणतात आणि ती १९८३ पासून चालत आली आहे. त्या वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले गेले. एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजत होता. त्यामागच्या दोघांना, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना, २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. वाजवणारा हात एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्या यंत्रात ही फारकत तेव्हापासूनची, आणि ड्रमच्या बाबतीत तर ती आपल्या चांगली परिचयाची आहे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कायम दिसणाऱ्या ऑक्टापॅडचंच बघा. रोलंडने १९८५ मध्ये काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडच्या, पॅड-८ च्या, पोटात एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड आणि मिडीचं भोक. आवाज हवा तर दुसरं यंत्र जोडा. तेव्हा आजच्या किटने संगणकाला नुसते ठोके पाठवले, तर ते आपल्या वंशाला धरूनच वागतं.

आता या नोंदीचा फायदा काय ते पाहू. मॉड्यूलच्या डाव्या-उजव्या आउटपुटमधून आवाज घेतला, तर संगणकावर साधारण मिनिटाला १६ एमबी जागा लागते : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी तीन बाइट, दोन बाजू. चार मिनिटांचं गाणं ६० एमबीच्या पुढे जातं. त्याच गाण्यात सेकंदाला दहा ठोके धरले, तरी २,४०० ठोक्यांची मिडी फाइल २५ केबीच्या आसपास बसते. हल्ली जागेला तोटा नाही, म्हणून हा फरक निर्णायक नाही. निर्णायक गोष्ट वेगळी आहे. त्या ६० एमबीत किक, स्नेअर आणि सिम्बल एकमेकांत मिसळून गेलेले असतात. खिचडी शिजल्यावर त्यातला तांदूळ वेगळा काढता येत नाही. किक थोडी मोठी करायची म्हटलं तर सगळंच मोठं होतं. २५ केबीत मात्र प्रत्येक ठोका सुटा असतो. तिसऱ्या कडव्यातली एक रिम चुकून दोनदा लागली, तर तेवढीच पुसता येते. गाणं संथ करायचं ठरलं तर आवाज न ताणता लय उतरवता येते. आणि पाच वर्षांनी आजच्यापेक्षा चांगल्या ड्रमचे आवाज मिळाले, तर हाच ठेका त्या आवाजात वाजवता येतो. मिडी फाइलचा सर्वमान्य आराखडा १९८८ चा आहे आणि त्या काळच्या फाइली आजही उघडतात.

जोडणीचं काम थोडक्यात उरकता येतं. वायर डेटाची हवी. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही वायरींत फक्त वीज वाहते, त्या इथे निरुपयोगी. बरीच मॉड्यूल मॅकवर आणि विंडोजवर ड्रायव्हरशिवाय ओळखली जातात; काहींना कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा लागतो. काही मॉड्यूल त्याच यूएसबीतून मिडीबरोबर आवाजही पाठवतात, त्यामुळे खरेदीआधी माहितीपुस्तिकेत ‘यूएसबी मिडी’ लिहिलं आहे की ‘यूएसबी ऑडिओ’ हे पाहून घ्यावं. एसपीडी-२० सारख्या जुन्या ऑक्टापॅडला यूएसबी नाही, पाच पिनांचं गोल भोक आहे. त्याला मिडी इंटरफेसची छोटी वायर लागते. एक खबरदारी महत्त्वाची. काही सॉफ्टवेअर मॉड्यूलकडून आलेला ठोका त्याच वायरीने त्यालाच परत पाठवतं आणि मॉड्यूल इमानेइतबारे तो दुसऱ्यांदा वाजवतं. आवाज पत्र्यासारखा, जोडीने आलेला वाटू लागला, तर सॉफ्टवेअरमधून मॉड्यूलकडे जाणारं मिडी आउटपुट बंद करावं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वाधिक ऐकू येणारा आक्षेप उशिराचा : स्टिक आत्ता पडते आणि आवाज नंतर येतो, मग वाजवायचं कसं? हा उशीर खरा आहे आणि तो मोजता येतो. संगणक आवाजाचे नमुने एका डब्यात साठवून मग पुढे सोडतो, त्या डब्याला बफर म्हणतात. बफर १,०२४ नमुन्यांचा असेल तर ४४,१०० च्या वेगाने सुमारे २३ मिलिसेकंद जातात. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर स्नेअर आठ मीटर लांब ठेवल्यासारखा झाला. १२० च्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्यातला जवळजवळ पाचवा भाग वाट बघण्यात गेला तर हात अडखळणारच. बफर १२८ वर आणला तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, स्नेअर एक मीटरवर येते. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ ड्रायव्हर लागतो. पण मुळात या आक्षेपात एक गफलत आहे. रेकॉर्डिंग करताना संगणकाचा आवाज ऐकायलाच हवा असं कोणी सांगितलं? हेडफोन मॉड्यूलला लावा, ठोक्याचा आवाज मॉड्यूलमधूनच ऐका आणि संगणकाला शांतपणे नोंद घेऊ द्या. गाण्याचा पूर्वमुद्रित ट्रॅक संगणकातून मॉड्यूलच्या ‘मिक्स इन’ किंवा ‘ऑक्स इन’ भोकात सोडला की दोन्ही एकाच हेडफोनमध्ये येतात. ट्रॅक पोहोचायला जो थोडा वेळ लागतो, तो नोंद घेताना बहुतेक सॉफ्टवेअर स्वतःच वजा करतं. कारकून मागच्या बाकावर बसून टिपणं घेत असेल, तर तो क्षणभर मागे पडल्याने वक्त्याचं काही अडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणसाच्या हाताला हजार छटा असतात, त्या १२७ पायऱ्यांत कशा मावतील? तबल्याचे बोल वहीत उतरवून घेणाऱ्याला हा आक्षेप चटकन कळेल. ‘धा’ लिहिता येतो, पण बायाँवर मनगट घासून काढलेली मींड त्या अक्षरात उतरत नाही. तसंच इथेही होतं का? काही अंशी होतं. मात्र तोटा जिथे सांगितला जातो तिथे तो फारसा नसतो. जोराच्या १०३ आणि १०४ या आकड्यांतला फरक कानाला कळत नाही. आवाज यांत्रिक वाटतो तो एकच ध्वनिमुद्रित नमुना पुन्हा पुन्हा वाजल्यामुळे. म्हणून चांगली ड्रम सॉफ्टवेअर एकाच जोराच्या ठोक्याचे अनेक नमुने ठेवतात आणि आळीपाळीने वाजवतात. खरा तोटा हाय-हॅटवर होतो. तिथे पायाचं पेडल किती दाबलं आहे ही माहिती ठोक्यापासून वेगळ्या, चार क्रमांकाच्या नियंत्रण-संदेशातून सतत जात असते. सॉफ्टवेअरने तो संदेश चुकीचा वाचला, तर अर्धवट उघडी झांज एकतर पूर्ण बंद तरी होते किंवा पूर्ण उघडी तरी. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं, त्यात जोराच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या आहेत. पण पेडलची जुळणी चुकलेली असेल तर पायऱ्या कितीही वाढवल्या तरी हाय-हॅट सुधारत नाही.

तिसरा आक्षेप नीतीचा म्हणावा असा. नोंद हाताशी असली की ती दुरुस्त करण्याचा मोह होतो. एका कळीसरशी सगळे ठोके लयीच्या जाळीवर आणून बसवता येतात, आणि मग ठेका घड्याळासारखा चोख आणि तितकाच बेचव होतो. हा धोका खोटा नाही. पण आवाज रेकॉर्ड केला म्हणूनही तो टळत नाही, कारण आजची सॉफ्टवेअर आवाजाचेही तुकडे करून जाळीवर बसवतात. मिडीत निदान मूळ नोंद एका वेगळ्या ट्रॅकवर कुलूप लावून ठेवता येते आणि कितीही खेळ केल्यावर तिच्याकडे परतता येतं.

राहिला तो आक्षेप ज्याच्यापुढे मला माझा दावा थोडा आवरता घ्यावा लागतो. ड्रमर जो आवाज ऐकतो त्याला उत्तर देत वाजवतो. कानात कोरडी, तुटक स्नेअर असेल तर तो मधल्या जागा हलक्या ठोक्यांनी भरतो. स्नेअर घुमणारी असेल तर जागा सोडतो. त्यामुळे वाजवताना एक आवाज आणि नंतर भलताच दुसरा असं केलं, तर नोंद अचूक असूनही ठेका चुकीचा वाटतो. आवाज नंतर ठरवता येतो ही सवलत अमर्याद नाही. म्हणून अखेरच्या गाण्यात जसे ड्रम हवे आहेत त्याच्या जवळचं किट मॉड्यूलवर आधी निवडावं आणि मगच वाजवावं. शिवाय मॉड्यूलच्या दोन आउटपुटमधून इंटरफेसच्या दोन लाइन इनपुटला जॅकच्या वायरी जोडून आवाजही सोबत रेकॉर्ड करावा. कलाकाराने नेमकं काय ऐकत वाजवलं याचा तो पुरावा असतो. दोन्ही ट्रॅक मागेपुढे होऊ नयेत म्हणून गाण्याआधी स्नेअरवर एक ठसठशीत ठोका मारावा, नंतर पडदा मोठा करून आवाजाची लहर आणि मिडीची रेघ शेजारी ठेवावी आणि जे काही मिलिसेकंदांचं अंतर दिसेल तेवढा आवाज सरकवावा.

सत्र संपल्यावर गाण्याच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी असाव्यात : न छेडलेली मिडी फाइल, मॉड्यूलचा आवाज आणि साध्या मजकुराची एक चिठ्ठी. चिठ्ठीत मॉड्यूलचं नाव, वाजवताना निवडलेलं किट आणि कोणत्या पॅडला कोणता क्रमांक आहे हे लिहिलेलं असावं. किक ३६ आणि स्नेअर ३८ बहुतेक ठिकाणी सारखे असतात, पण रिम, दुसरं क्रॅश आणि हाय-हॅटची कड यांचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, आणि ही यादी नसेल तर पाच वर्षांनी टॉमच्या जागी काउबेल वाजू शकते.

पुढच्या आठवड्यात : हाय-हॅटच्या पेडलची सॉफ्टवेअरशी जुळणी.