आजीच्या गुडघ्याची पीएच.डी.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिले की एक गोष्ट दर वर्षी दिसते. नातवंडे पांढरे कपडे घालून लेण्यांच्या पायऱ्या धावत चढतात आणि आजी-आजोबा खाली बुद्ध स्मारकापाशीच बसून राहतात. "तुम्ही जाऊन या, आमचे वंदन येथूनच," असे म्हणतात. ज्यांनी सातपूरच्या कारखान्यात उभ्याने पाळ्या केल्या, डोक्यावर घमेली वाहिली, पहाटे झाडू हातात घेऊन शहर झाडले, त्यांचे गुडघे साठीतच बोलू लागतात. घरचे म्हणतात, वय झाले. आम्हीही तसेच म्हणत आलो.

पण 'वय झाले' म्हणजे शरीरात नेमके काय झाले, यावर पीएच.डी. करता येते, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? आपली मुले-मुली फिजिओथेरपीला, बी.पी.एड., एम.पी.एड.ला जाऊ लागली आहेत. त्यांतली काही व्यायाम आणि वार्धक्य या विषयात पुढे संशोधन करू म्हणतात, आणि आई-बाप आम्हाला विचारतात, "ते करून नोकरी लागेल का?" प्रश्न रास्त आहे. एका शब्दात 'हो' म्हणणारा फसवतो, आणि एका शब्दात 'नाही' म्हणणाराही.

आधी या विषयात आहे काय ते पाहू. १९५३ साली जेरेमी मॉरिस या इंग्रज डॉक्टराने लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, वाहक दुमजली बसचे जिने चढत-उतरत. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. (आपल्या एस.टी.च्या वाहकांना जिना नाही, धक्के मात्र भरपूर आहेत!) १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! त्याआधी म्हाताऱ्या माणसाला 'आता आराम करा' एवढेच सांगण्याची रीत होती.

इथे आपल्या घरांना एक शंका येईल, आणि ती आम्हालाही आली. आमच्या माणसांनी जन्मभर अंगमेहनतच केली, मग त्यांची शरीरे लोखंडासारखी का नाहीत? या प्रश्नावर डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच काम केले आहे. त्यांचे म्हणणे असे की, फावल्या वेळातला व्यायाम आणि पोटासाठीची मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यायाम करणारा थकला की थांबतो; मजुराला थांबता येत नाही. तेच ओझे, तीच वाकलेली पाठ, तासन्‌तास, विश्रांती नाही. अशा मेहनतीने हृदयाला फायदा होण्याऐवजी अपायच होऊ शकतो. यावर शास्त्रज्ञांत वाद अजून चालू आहे. पण वाद चालू आहे म्हणजेच संशोधनाला जागा आहे, आणि ज्याने आपल्या बापाची पाठ घरात पाहिली आहे त्याला हा प्रश्न पुस्तकातून शोधावा लागत नाही.

चालण्याची महती आपल्याला नवी नाही. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची शक्ती, आजार कमी आणि अन्न नीट पचणे हे त्यांतले. शास्त्राचे काम त्यापुढचे आहे. किती चालावे, कोणी, आणि दुखऱ्या गुडघ्याने कसे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, वयस्कांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव ठेवावा. हे वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कसे बसवायचे, ते कोणीतरी आपल्या माणसांवर करून पाहायला हवे.

आता नोकरीकडे येऊ. नाशिककरांना यासाठी फार लांब पाहावे लागत नाही. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे आणि राज्यातली फिजिओथेरपीची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. बारावीनंतरची पदवी, मग दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, मग पीएच.डी. शारीरिक शिक्षणाच्या वाटेने जाणाऱ्यांना अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचे आगाशे महाविद्यालय ही जुनी ठिकाणे आहेत. यू.जी.सी.च्या २०२२ च्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची. हिशेब चार-पाच वर्षांचाच धरावा. तेवढी वर्षे घरात एक कमावता हात कमी, हे आधी बोलून घ्यावे.

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकाची जागा पक्की, हा समज आधी काढून टाकावा. जगभर पीएच.डी. होणाऱ्यांच्या मानाने कायम जागा थोड्या असतात. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांत तर जागाही हंगामी आणि पगारही. शिवाय २०२३ पासून यू.जी.सी.ने सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी.ची सक्ती काढली. नेट किंवा सेट पुरते. म्हणून शारीरिक शिक्षणवाल्याने नेट-सेट आधी पदरात पाडून घ्यावी आणि मग प्रबंधाला हात घालावा. क्रीडा संचालकाच्या जागेसाठी धावण्या-चालण्याची चाचणीही द्यावी लागते, तेव्हा अभ्यासात पोट सुटू देऊ नये.

दुसरी वाट संशोधन संस्थांची. दिल्लीचे एम्स, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्था (त्यांत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अहमदाबादची संस्थाही आली), पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. यांतल्या पुष्कळ जागा प्रकल्पापुरत्या असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. तिसरी वाट दवाखान्याची. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. मात्र तिथे पदवी पुरते, पीएच.डी. लागत नाही. ज्याला फक्त रुग्ण बरे करायचे आहेत त्याने पीएच.डी.च्या मागे लागूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नावापुढे 'डॉक्टर' लागेल खरे, पण गल्लीतले लोक इंजेक्शन मागायला येतील.

पैशाचे पाहू. १९९० च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून राष्ट्रीय अनुसूचित जाती फेलोशिप आणि पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन फेलोशिप या दोन्हींसाठी आपली मुले अर्ज करू शकतात. परदेशासाठी केंद्राची आणि राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद झाली, तिची वाट पाहू नये. नेटमधून जे.आर.एफ. मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये. मात्र कोणत्याही फेलोशिपचे पैसे पगारासारखे एक तारखेला येतील असे धरून घरभाड्याचा हिशेब करू नये. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवावे.

प्रयोगशाळा नाही म्हणून हिरमुसायचे कारण नाही. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरच्या ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. त्यांच्या मुठीची ताकद आणि चालण्याचा वेगसुद्धा मोजला. ही माहिती संशोधकांना अर्ज करून मिळते.

आमच्या परिचयाची एक मुलगी फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गात आहे. पीएच.डी. करायची की नाही हे तिचे अजून ठरलेले नाही. घरच्यांना तिने दवाखान्यात नोकरी धरावी असे वाटते आणि त्यांचेही चूक नाही. तोवर ती रोज संध्याकाळी आजीला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवते. आजीने हात छातीशी घेऊन उभे राहायचे, पुन्हा बसायचे, अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा. आकडा ती वहीत लिहिते. दिवाळीत तो चार होता. मागच्या रविवारी नऊ झाला, आणि आजीने विचारले, "त्या पायऱ्या किती गं?"