सदुसष्टाव्या घाताचा निवाडा

दोनाला दोनानेच गुणीत सदुसष्टाव्या घातापर्यंत जावे आणि येणाऱ्या राशीतून एक वजा करावा, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या सिद्ध होते. दोनाच्या कोणकोणत्या घातांतून एक वजा केला असता मूळ संख्या उरते, याची २५७ पर्यंतची जी यादी मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपासकाने १६४४ मध्ये प्रसिद्ध केली, तीत ६७ हा घातांक त्याने बिनदिक्कत दाखल केला होता. आणि ही नोंद खरी ठरती, तर युक्लिडच्या सिद्धान्तान्वये ६ आणि २८ यांच्या मालिकेतील, म्हणजे स्वतःखेरीज आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असणारी, आणखी एक परिपूर्ण संख्या गणिताच्या दप्तरी जमा झाली असती.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे दाखविले. मात्र तिचा एकही भाजक त्यांच्या हाती आला नव्हता. संख्या फुटते हे निःसंशय कळावे आणि ती कशाने फुटते हे मात्र मुळीच कळू नये, ही स्थिती मला अंकगणितातील अत्यंत मननीय गोष्ट वाटते. कारण अस्तित्वाचे ज्ञान आणि वस्तूचे ज्ञान यांमधील अंतर किती श्रमांचे असते, ते येथे चक्क मोजता येते. घातांक मूळ असेल, तर अशा संख्येचा प्रत्येक मूळ भाजक त्या घातांकाच्या दुपटीच्या, म्हणजे येथे १३४ च्या, एखाद्या पटीहून एकाने अधिक असतो, आणि त्यास आठाने भागले असता बाकी १ किंवा ७ उरते. या दोन अटींनी बहुतेक सारे उमेदवार बाद होतात. तरीही जो लहान भाजक अखेर सापडला, त्याच्यापर्यंत पोहोचेतो सव्वासात लाखांच्या घरात उमेदवार शिल्लक राहतात, आणि त्या काळी हे भागाकार हातानेच करावयाचे होते.

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने हे क्षेत्र आणखी आकुंचित केले, आणि ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे निवाडा मांडला: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्या सभेत कोल यांनी एक शब्दही न उच्चारता केवळ फळ्यावर गुणाकार केला, ही जी कथा पुढे एरिक टेम्पल बेल यांनी सांगितली, ती अक्षरशः खरी असो वा किंचित रंगविलेली, मला ती यथार्थ वाटते, कारण या पुराव्याला वक्तृत्वाची गरजच नव्हती. मेर्सेनच्या यादीतील २५७ ही नोंदही पुढे चुकीची ठरली, आणि ६१, ८९ व १०७ हे खरे घातांक तीत मुळातच गळले होते.

वाचकांनी प्रथम नवाचा ताळा पाहावा. दोन्ही भाजकांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे ३७ व ६४, म्हणजे शेवटी १ आणि १. मूळ राशीच्या अंकांची १०९, म्हणजे तीही १. परंतु ताळा जुळणे म्हणजे सिद्धी नव्हे. तेव्हा एक कोरा कागद घेऊन पूर्ण गुणाकार स्वहस्ते मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.